ओताऱ्याचा हात

वाटणीच्या दिवशी आमच्या वाड्यात तराजू आणला होता तो भांड्यांसाठी. हंडे, घागरी, पराती, बंब, समया, सगळं पडवीत काढून मांडलं होतं. पितळ एका बाजूला, तांबं दुसऱ्या बाजूला. मोड घेणारा किलोचा भाव सांगत होता आणि थोरले काका वहीत आकडे मांडत होते. देव्हारा रिकामा करायची वेळ आली तेव्हा सगळेच जरा घुटमळले. शेवटी धाकटे काका म्हणाले, "तेही पितळच आहे ना?" त्यांच्या बोलण्यात अनादर नव्हता. सकाळपासून सगळं वजनावर चाललं होतं, हेही वजनावर होईल, इतकंच. आत्याने काही न बोलता सातही मूर्ती पदरात घेतल्या आणि माजघरात जाऊन बसली. "देवांना मोल लावायचं नाही. ते अनमोल आहेत," एवढंच ती म्हणाली.

त्या मूर्ती आता अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. घोड्यावर बसलेले खंडोबा-म्हाळसा, भवानी, अन्नपूर्णा, गणपती, रांगता बाळकृष्ण, नंदी आणि ढाल-तलवार घेतलेला एक वीर, ज्याची ओळख घरात कोणालाच धड सांगता येत नव्हती. सर्वांत मोठी मूर्ती वीतभरही नाही. त्या दिवशी मी आत्याच्या बाजूची होते. आज इतक्या वर्षांनी मला काकांचंही पटत नाही आणि आत्याचंही नाही. "पितळच आहे" म्हणणाऱ्याने मूर्तीकडे पाहिलेलं नसतं हे उघड आहे. पण "अनमोल आहे" म्हणणारासुद्धा पाहत नाही. एकदा अनमोल म्हटलं की ती काय आहे, कशाची आहे, कधीची आहे, कोणी केली, हे विचारायची गरज संपते. मग ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर जाते. पुढच्या पिढीत देव्हारा लहान होतो, फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि एखाद्या संध्याकाळी ती मूर्ती फुटक्या तसबिरींबरोबर पिंपळाच्या पारावर ठेवली जाते. तिथून ती मोडीतच पोचते. म्हणजे दोन्ही वाटा एकाच भट्टीत जातात.

म्हणून मोल करायला हवं, आणि ते नीट करायला हवं. अनाम कारागिराच्या मूर्तीचं मोल कसं करायचं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

सुरुवात धातूपासून. परक्या भाषेतल्या कलाग्रंथांत आणि लिलावांच्या याद्यांत अशा सगळ्या मूर्तींना सरसकट कांस्य म्हणायची पद्धत पडली आहे. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. आपल्याकडच्या घरगुती मूर्ती बहुतेक पितळी असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. खरं कासं आपल्या घरात असतं ते वाटीच्या रूपाने. तळपायाला तेल लावून घासायची ती काशाची वाटी. त्यात कथील भरपूर असतं, म्हणून ती खणखणते आणि दगडावर पडली की तडकते. मूर्तीला असा ठिसूळ धातू चालत नाही. आज हातात धरायचं क्ष-किरणांचं यंत्र मूर्तीला ओरखडाही न काढता कोणता धातू किती हे सांगतं. त्यातून थोडं हाती लागतं. जुन्या पद्धतीत तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा एका बंद मुशीत तापवून पितळ करत. त्यात जस्त सहसा 28 टक्क्यांच्या वर जात नसे. शुद्ध जस्त वेगळं मिळू लागल्यावर हे प्रमाण वाढवता आलं. राजस्थानात झावरला जस्त गाळण्याची विद्या मध्ययुगातच मोठ्या प्रमाणावर चालू होती. त्यामुळे जस्त फार जास्त निघालं तर मूर्ती फार जुनी नसावी, असा अंदाज बांधता येतो.

पण वय मोजायला एवढं पुरत नाही, आणि त्याचं कारण आपल्या घरांतच आहे. मूर्ती करायची तर घरातली फुटकी समई, गळका तांब्या, कान तुटलेली कढई ओताऱ्यापुढे ठेवायची रीत होती. तो तेच वितळवून देव करायचा. त्यामुळे धातू आजीच्या आजीचा आणि मूर्ती आजीची, असं सहज होऊ शकतं. यंत्र धातूचं मोजमाप देईल. मूर्तीचं मोजमाप डोळ्यांनीच घ्यावं लागतं.

खंडोबाच्या मूर्तीकडे मी तसं पाहिलं त्याला बराच काळ लागला. घोडा पुढचा एक पाय उचलून उभा आहे. देवाच्या पुढ्यात म्हाळसा. घोड्याच्या पायांमध्ये कुत्रा, मान वर करून. मला हा कुत्रा नेहमी बेढब वाटायचा. घोड्याच्या मानाने तो जाड आहे, त्याचं डोकं घोड्याच्या पोटाला चिकटलं आहे, शेपूट मागच्या पायाला. ओतकाम करणाऱ्या एका वयस्क कारागिराला मी ती मूर्ती दाखवली. त्याने ती आधी उलटी केली. चौथऱ्याच्या तळाशी बोट फिरवलं, मग कुत्र्यावर नख ठेवून म्हणाला, "इथनं रस नेलाय त्यानं." घोड्याचे पाय बारीक. वितळलेला धातू त्यांतून घोड्याच्या अंगापर्यंत पोचायच्या आधीच थंड होऊन अडकला असता. म्हणून करणाऱ्याने मधे एक जाड वाट ठेवली आणि त्या वाटेचा कुत्रा केला. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. शास्त्रालाही धक्का नाही आणि कामही झालं. चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात रस न पोचल्याने भोक पडलं होतं, तेही त्याने दुसऱ्या रंगाच्या पितळेने बुजवलेलं दिसलं. मी ती मूर्ती लहानपणापासून पाहत आले होते. नैवेद्य दाखवला होता, चिंचेने घासली होती. तिच्यात एका माणसाची अडचण आणि त्या अडचणीवरचा त्याचा तोडगा जसाच्या तसा उभा आहे, हे मला त्या नखाने दाखवलं.

हे काम कसं होतं याचं वर्णन आपल्याकडे फार जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाच्या नळ्या जोडायच्या, मग जळका कोंडा, बारीक बारीक कातरलेला कापूस आणि मीठ घालून मळलेल्या मातीचे लेप द्यायचे, ते सावलीत वाळवायचे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा याचा हिशेबही आहे. मेण वितळून बाहेर जातं, त्याच्या रिकाम्या जागेत धातू उतरतो, माती फोडावी लागते. म्हणजे त्या मेणाची आणि त्या साच्याची मूर्ती एकच. दुसरी हुबेहूब निघत नाही. बाजारातल्या दोन भागांच्या साच्यातून शेकड्याने निघणाऱ्या मूर्तीच्या कडेला दोन्ही भाग जुळल्याची शिवण असते, नाहीतर कानशीने ती काढल्याच्या सरळ खुणा असतात. घरातली मूर्ती हातात घेतल्यावर आधी ही शिवण शोधावी. ती नसेल, दागिने मेणाची तार वळून चिकटवलेले दिसत असतील, दोन डोळे एकसारखे नसतील, तर त्या मूर्तीपुढे थोडा जास्त वेळ बसायला हवं.

झीज हा दुसरा पुरावा. आमच्या मूर्तीत म्हाळसेचा चेहरा जवळजवळ सपाट झाला आहे, खंडोबाचा तितका नाही. रोज हळद लावणारा आणि पुसणारा अंगठा कुठे जास्त वेळा गेला, ते त्यावरून कळतं. बनावट जुनी मूर्ती करणारे ती आम्लात बुडवतात, शेणमातीत पुरतात, वाळूने घासतात. पण त्यांची झीज सगळीकडे सारखी असते. बोटं सगळीकडे सारखी जात नाहीत. जिथे अंगठा पोचत नाही, घोड्याच्या कानामागे, बगलेत, तिथे कोरीव रेघ अजून धारदार असते आणि खाचेत हळद-कुंकवाचा, तेलाचा काळपट थर बसलेला असतो. जाणकार माणूस तो थर आधी पाहतो.

आणि आपण तोच थर आधी काढतो. माझ्या हातून हे झालं आहे. एका सणाच्या आधी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी चकचकीत करायला एका दुकानात दिल्या. तासाभराने दोन्ही सोन्यासारख्या झळझळत परत आल्या. बाळकृष्णाच्या डोळ्यांच्या रेघा गेल्या होत्या, हातातल्या लोण्याच्या गोळ्यावरची बोटं एकमेकांत मिसळली होती. चाकावर धरलं की असंच होतं, असं दुकानदार म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं. मीच विचारलं नव्हतं. आत्याने तो बाळकृष्ण हातात घेतला, अंगठ्याने चेहरा चाचपला आणि खाली ठेवला. "हा कोणाचा?" तिने विचारलं. मी आजही कोणी मूर्ती दाखवायला आणली की पहिली विनंती हीच करते: घासू नका. मऊ फडक्याने पुसा. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो धातूचा रोग आहे, ओलाव्यापासून लांब ठेवा आणि संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञाला दाखवा. बाकी काळेपणा हा मळ नव्हे.

आता बाजाराकडे वळू. या मूर्ती एकदा मी किंमत करून घ्यायला नेल्या होत्या, विकायला नव्हे, विम्यासाठी. किंमत करणाऱ्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "सही आहे का कुठे?" नाही म्हटल्यावर त्यांची नजर वजनकाट्याकडे गेली. हा प्रश्न आपण इतका मान्य करून टाकला आहे की त्यातली चूक दिसत नाही. नाव असेल तर किंमत, नाव नसेल तर धातू, हा हिशेब चित्रशाळेतून आलेल्या, पुतळ्याच्या पायथ्याशी नाव कोरणाऱ्या शिल्पकारांसाठी ठीक आहे. सासवण्याचे विनायकराव करमरकर किंवा त्यांच्या आधीचे गणपतराव म्हात्रे यांच्या कामाला नाव आहे, जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत, त्यांच्याविषयी लिहिलं गेलं आहे. पण तमिळनाडूतल्या चोळ काळातल्या नटराजांवरही कोणाची सही नाही. ते करणाऱ्यांची नावं आपल्याला जवळजवळ माहीतच नाहीत, तरी जगभरची संग्रहालयं त्या मूर्तींसाठी वाटेल ती रक्कम मोजायला तयार असतात. म्हणजे अनाम असणं हे स्वस्त असण्याचं कारण नाहीच.

मग कारण काय? माझं उत्तर असं आहे की चोळ मूर्तींची तुलना करता येते. कोणती मूर्ती कोणत्या देवळातली, तिथले शिलालेख कधीचे, जवळच्या दुसऱ्या गावातल्या मूर्तीचा मुकुट कसा, हे शंभर वर्षं लोकांनी टिपलं. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने विसाव्या शतकात देवळांतल्या मूर्तींची हजारो छायाचित्रं घेऊन ठेवली. पुढे चोरीला गेलेल्या मूर्ती परदेशातल्या संग्रहालयांत ओळखता आल्या त्या याच छायाचित्रांमुळे. आपल्या घरगुती देवांचं असं काही झालं नाही. साताऱ्याकडचा खंडोबा आणि मराठवाड्यातला खंडोबा यांच्या घोड्यांत काय फरक, कोणत्या भागात म्हाळसा पुढ्यात बसते आणि कुठे मागे, वीराची ढाल कुठे गोल आणि कुठे लांबट, हे सांगणारा छायाचित्रांचा मोठा संग्रह आपल्याकडे उभा राहिला असता तर आमच्या मूर्तीकडे पाहून कोणीतरी म्हणालं असतं, हा अमुक खोऱ्यातल्या ओताऱ्यांचा हात आहे. मूर्तीचं मोल शेजारच्या मूर्तीमुळे ठरतं. शेजारची मूर्ती आपण पाहिलीच नाही, कारण ती दुसऱ्या कोणाच्या देवघरात फडक्यात गुंडाळलेली आहे.

या कामाची दिशा पुण्यातल्या एका माणसाने फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दौती, पेट्या, मूर्ती गोळा केल्या. यांतल्या बहुतेक वस्तू करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवलं. ते स्वतः कविता लिहायचे आणि कवी म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं 'अज्ञातवासी'. त्यांच्या संग्रहालयात एका भिंतीवर एकाच कामाच्या पन्नास वस्तू शेजारी शेजारी पाहिल्या की डोळा आपोआप शिकतो: हा हात वेगळा, हा हात तोच.

वस्तू कुठे होती याला किती महत्त्व असतं, याची महाराष्ट्रातली दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 साली एका शेतकऱ्याला खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून 60 किलोंहून अधिक वजन. पुढे 1975 ते 1979 या काळात तिथे रीतसर उत्खनन झालं. पण या वस्तू उत्खननाच्या आधीच जमिनीतून निघाल्या होत्या; त्या मातीच्या नेमक्या कोणत्या थरात होत्या ते कायमचं निसटलं. बऱ्याच अभ्यासकांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण पाहून काहींनी त्याला हरकत घेतली. भारतीय कलेतल्या इतक्या थोर कामाच्या वयाबद्दल वाद राहिला, तो एका थराची नोंद नसल्यामुळे. याच्या उलट कोल्हापूरची गोष्ट. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत 1944 च्या सुमारास एक छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. हीच मूर्ती जुन्या बाजारात मिळाली असती तर कोण्या साहेबाने विलायतेहून आणलेली शोभेची वस्तू म्हणून तिची वाट लागली असती. ती सातवाहनकालीन अवशेषांबरोबर निघाली, म्हणून रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा ती पुरावा ठरली. करणारा दोन्हीकडे अनाम. फरक पडला तो नोंदीने.

घरातल्या मूर्तीच्या बाबतीत मातीचा थर म्हणजे घरातली म्हातारी माणसं.

इथे कायद्याचं थोडं बोलायला हवं, कारण लोक याच ठिकाणी सर्वांत जास्त चुकतात. 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे, जो 1976 पासून लागू आहे, शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ती नोंदवावी लागते, हस्तांतर झालं तर कळवावं लागतं, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. माझा चुलत भाऊ अमेरिकेत असतो. त्याने गणपती मागितला तेव्हा त्याला वाटलं, घरचा देव आहे, बॅगेत टाकून न्यायचा. पुरातत्त्व खात्याकडून मूर्ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तसं करू नये, हे त्याला समजावताना मला जाणवलं की आपण मूर्तीचं वय कधी विचारलंच नव्हतं. आणि आता कायदा तोच प्रश्न विचारत होता.

कायद्याच्या इतिहासात आत्याच्या बाजूचाही एक निकाल आहे. 1925 साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा घरच्या देवाबद्दलचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. देवमूर्ती ही खुर्ची-टेबलासारखी हलवायची, वाटायची जिंदगी नव्हे. तिला स्वतःचं हित आहे आणि ते मांडायला स्वतंत्र माणूस नेमावा, असं तिथे ठरलं. आत्याला हे माहीत असतं तर ती त्या दिवशी माजघरात न जाता पडवीतच बसली असती. पण देवाचं हित मांडायला नेमलेल्या त्या माणसालाही देव कोणता, कधीचा, कोणी बसवला, हे विचारावंच लागणार. अनमोल या शब्दाने त्याचंही काम भागत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत मी आत्याजवळ वही घेऊन बसले. ती आता नव्वदीला आली आहे. मूर्ती कोणी केल्या, असं थेट विचारलं तर तिला काही आठवेना. मग मी खंडोबा तिच्या हातात दिला आणि गप्प बसले. तिने नेहमीसारखा म्हाळसेच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि थोड्या वेळाने बोलू लागली. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं ते असं: सुगीनंतर ओतारी यायचे, नदीच्या अलीकडे चिंचेखाली उतरायचे. भाता असायचा, तो ओढायला मुलं जायची. आजी स्वतः लहानपणी ओढायला गेली होती. आमच्या घरातून फुटका बंब दिला होता आणि वर दोन पायली ज्वारी. पहिल्या खेपेला घोडा नीट उतरला नाही, पाय आलेच नाहीत; ओताऱ्याने तो पुन्हा वितळवला. दुसऱ्या खेपेला आला तो हा.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"असेल की काहीतरी," आत्या म्हणाली. "गावात सगळ्यांना ठाऊक असणार. आम्ही आजीला विचारलं नाही."

प्रत्येक मूर्तीसाठी मी एक कार्ड केलं आहे. चार बाजूंची छायाचित्रं, तळाचं एक, उंची, वजन, झीज कुठे, दुरुस्ती कुठे, घरात कोणाकडून कोणाकडे आली. खंडोबाच्या कार्डावर 'शिल्पकार' या शब्दापुढे मी आधी 'अज्ञात' लिहिलं होतं. ते खोडलं. तिथे आता लिहिलं आहे: ओतारी, सुगीनंतर येणारा, नदीअलीकडे चिंचेखाली भट्टी, पहिला घोडा फसला, दुसरा हा, नाव आम्ही विचारलं नाही.

धाकटे काका मागच्या महिन्यात येऊन गेले. त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं, मग मूर्ती उलटी करून कुत्रा कुठे आहे ते पाहिलं. चिंच अजून उभी आहे, म्हणाले. तिच्याखाली नांगर फिरवताना काळी, जळकी माती लागते, ती कशाची ते आम्हाला कधी कळलं नव्हतं. पुढच्या वेळी येताना त्यातली मूठभर घेऊन येतो.